दिसणारा पॅड जाड, लपलेला पॅड संपलेला: एका मियाटाच्या मागच्या ब्रेकचं प्रकरण

गाडी २००१ ची माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. दोनच आसनं, कापडी छत, १.८ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार-अकराशे किलोंच्या दरम्यान. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि पुढे जगात सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनीजच्या नोंदीत गेलं. इथे ज्या गाडीबद्दल लिहितोय ती डेट्रॉईटजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राची. त्याने ती वापरलेलीच घेतली होती, हिवाळ्यातही अधूनमधून बाहेर काढायचा, आणि आता त्याची कॉलेजात जाणारी मुलगी ती चालवायला लागली होती. तिला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे पॅड निवडताना ते फार महत्त्वाचं ठरलं.

तक्रारी तीन होत्या. उजव्या मागच्या चाकातून चालताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो आणि घरासमोरच्या उतारावर गाडी तरीही किंचित सरकते. आणि उजव्या मागच्या रिमवर डावीपेक्षा जास्त काळी धूळ. मित्राने चाकाच्या फटींतून डोकावून पाहिलं होतं. पॅड चांगला जाड दिसत होता. काही महिन्यांपूर्वी गाडी एका गॅरेजमध्ये गेली होती, तिथेही चाक न काढता "पॅड अजून खूप आहेत" असंच सांगितलं होतं. त्यामुळे त्याचा संशय चाकाच्या बेअरिंगवर होता.

"काका, ब्रेक दाबला की आवाज थांबतो, सोडला की परत येतो," त्याची मुलगी म्हणाली. "बेअरिंगला ब्रेकचं काय कळणार?"

तिचं निरीक्षण अगदी नेमकं होतं. बेअरिंगचा आवाज घोंघावल्यासारखा असतो, वेगाबरोबर वाढतो, वळणावर वजन एका बाजूला गेलं की बदलतो. ब्रेक पॅडला मात्र स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी जीभ मुद्दाम बसवलेली असते. लायनिंग, म्हणजे पॅडचा झिजणारा थर, ठरावीक जाडीपर्यंत झिजलं की ही जीभ डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, टेकते आणि किंचाळते. ब्रेक दाबल्यावर पॅड घट्ट धरला जातो, जिभेची थरथर थांबते, आवाज बंद होतो.

मग फटीतून जाड पॅड दिसत होता तो कसा?

बाहेरून जे दिसतं ते अर्धंच

मियाटाच्या चारही चाकांना सरकते कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारे पंजे, आहेत. भारतात रोज दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांनाही हेच असतात. पिस्टन एकच, आणि तोही फक्त आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो. डिस्क बाजूला सरकत नाही, म्हणून त्याच्या उलट प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर आतल्या दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं. पिना ग्रीसमध्ये, रबरी बुटाच्या, म्हणजे पाणी-धूळ अडवणाऱ्या टोपणाच्या आत. पिन अडकली तर कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि आतला पॅड एकटा झिजत जातो.

आणि चाकाच्या फटींतून जो दिसतो तो बाहेरचा पॅड. काम न करणारा, म्हणूनच जाड राहिलेला. आतला पॅड डिस्कच्या मागे, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. "पॅड अजून खूप आहेत" हे वाक्य ज्या पॅडकडे बघून बोललं गेलं, त्या पॅडबद्दल ते खरंच होतं.

चाक न काढताही एक खूण मात्र दिसत होती. उजव्या मागच्या डिस्कचा बाहेरचा पृष्ठभाग मळकट होता आणि त्यावर गंजाचा तपकिरी पट्टा होता. डावी डिस्क आरशासारखी चकचकीत. रोज चालणाऱ्या गाडीच्या डिस्कवर असा पट्टा राहिला तर तिथे पॅड नीट दाबलाच जात नाही, हे नक्की धरावं. मित्राकडे अंतराने तापमान मोजणारा थर्मामीटर होता. साध्या रस्त्यावरून एक फेरी मारून आल्यावर उजवी डिस्क डावीपेक्षा पन्नासेक अंशांनी जास्त तापलेली निघाली. दाब सोडल्यावरही आतला पॅड पुरता सुटत नव्हता.

पॅड घरीच बदलायचं ठरलं. पैसे वाचवणं हा त्यातला छोटा भाग. गॅरेजमध्ये घाईत जुने पॅड काढून नवे सरकवले जातात आणि पिनांना कुणी हात लावत नाही, असं मी बऱ्याच गाड्यांवर पाहिलंय. इथे तसं झालं असतं तर नवा आतला पॅडही त्याच वाटेने गेला असता.

गाडी वर घेताना

या भागात मी कुणालाही घाई करू देत नाही. मागची बाजू उचलणार, ब्रेक मागचे काढणार, म्हणजे हँडब्रेक सोडलेला हवा. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे मागची चाकं हवेत गेली की पहिला गिअर टाकून ठेवल्याचाही काही उपयोग नाही. गाडीला जागेवर धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते: पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लावलेल्या अडणी. त्या लाकडाच्या चांगल्या जाड पाचरा होत्या, विटा नव्हेत. वीट फुटते.

चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करून घेतले. मग जॅक, मग दोन्ही बाजूंना गाडीच्या कडेखालच्या खुणेच्या जागी जॅक स्टँड, आणि वजन स्टँडवर आल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहिली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेलं चाक कडेखाली आडवं सरकवून ठेवलं, म्हणजे काही घसरलंच तर गाडी चाकावर पडेल.

ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये काय होतं हे कुणाला माहीत नसतं. क्रायसोटाइल ॲसबेस्टॉस या फुफ्फुसांना घातक खनिज तंतूवर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अंतिम बंदी घातली ती थेट मार्च २०२४ मध्ये, आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनिंगचा त्यात स्पष्ट समावेश करावा लागला. ब्रेक क्लीनरचा फवारा, खाली पसरट भांडं, तोंडावर मास्क.

चार आकडे आणि पाच संशयित

दोन्ही बाजूंचे पॅड काढून व्हर्नियरने लायनिंग मोजलं, पाठीची पोलादी पट्टी सोडून. नव्या पॅडचं लायनिंग सुमारे ८ मिलिमीटर भरलं होतं. डावीकडे आतला ४.५ आणि बाहेरचा ५. उजवीकडे बाहेरचा ६.५, आणि आतला २ पेक्षाही कमी. घरी काम करणारे बहुतेक जण ३ मिलिमीटरवर पॅड बदलतात, मीही तेच मानतो.

एखादी बाजू जास्त झिजण्याला कारणं अनेक असतात. प्रत्येकाची तपासणी वेगळी असते आणि ती जुने भाग जागेवर असतानाच होऊ शकते. सगळं धुऊन-पुसून नवं बसवलं की पुरावाच गेला.

पहिला संशय पिस्टनवर. तो गंजून अडकला असता तर परत आत घेताना जोर लागला असता. तो सहज आत गेला, त्याचा रबरी बूटही धड होता. शिवाय पिस्टन अडकून दाब कायम राहिला तर, पिना मोकळ्या असतील तेव्हा, दोन्ही पॅड झिजतात. आकडे तसं सांगत नव्हते.

दुसरा, हँडब्रेकची केबल. या गाडीत हँडब्रेक मागच्या त्याच पिस्टनला यांत्रिक दाब देतो. केबल आतून गंजली की सोडल्यावरही कॅलिपरवरचा छोटा दांडा मागे जात नाही. मुलगी आत बसून हँडब्रेक ओढत-सोडत होती, मी खालून पाहत होतो. दोन्ही दांडे प्रत्येक वेळी ठप्पकन मागे टेकत होते.

तिसरा, रबरी होज, म्हणजे कॅलिपरला ब्रेकचं तेल पोचवणारी नळी. तो आतून सुजला तर तेल पुढे जातं पण परत येत नाही. चाक अडकलेलं असताना हवा काढायचा निपल उघडला आणि चाक मोकळं झालं तर दोषी होज. उघडून पाहिलं, काही फरक नाही.

चौथा संशय जरा फसवा आहे. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे पत्र्याच्या क्लिपखाली गंज फुगतो आणि पॅड खाचेतच आवळला जातो. आतला पॅड असा अडकला तरी आकडे हेच दिसले असते. पण आतला पॅड बोटांनी ओढून बाहेर आला. क्लिपखाली गंज होता, तो पुढे खरवडून काढला, पण गुन्हा त्याचा नव्हता.

उरल्या पिना. डावीकडच्या दोन्ही हाताने सरकत होत्या, ग्रीस सुकलेलं असलं तरी. उजवीकडची एक सरकत होती, दुसरी जागची हलेना. तिच्या रबरी बुटाला तळाशी चीर होती आणि आत तपकिरी लगदा.

एवढीशी चीर, पण डेट्रॉईटमध्ये ती पुरते. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. शहराच्या खाली, साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाणच आहे आणि तिथलं मीठ रस्त्यांसाठीच जातं. खारं पाणी बुटाच्या चिरेतून आत शिरतं, बाहेर पडायला वाट नाही. मालवण, रत्नागिरी, गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे मीठ हवेतच असतं, आणि पावसाळ्यातला चिखल बुटाची चीर शोधतच येतो.

पिन सोडवणं

अडकलेली पिन हातोडीने ठोकायची नाही. पिना आणि पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटचं भोक वेडंवाकडं झालं तर ब्रॅकेटच बदलावं लागतं. गंज सोडवणारं तेल टाकून थांबलो, मग पाना लावून पिन थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, असं हळूहळू फिरवत राहिलो. आधी केसभर, मग पाव फेरा, मग ती करकरत बाहेर आली. पृष्ठभागावर गंजाचे खड्डे होते. अशी पिन पॉलिश पेपरने घासून परत घालणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. खड्डा राहतोच, आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. नवी पिन आणि दोन्ही बाजूंचे सगळे बूट नवे घेतले. ही सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त खरेदी.

ब्रॅकेटचं भोक बाटली धुवायच्या ब्रशसारख्या बारीक ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने आतून कोरडं, स्वच्छ केलं. मग ग्रीस. इथे फार लोक चुकतात म्हणून स्पष्ट लिहितो: चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस पिनांना लावायचं नाही. ब्रेकमधलं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं, खनिज तेलाने ते फुगतं, आणि फुगलेला बूट स्वतःच पिन धरून ठेवतो. ब्रेकसाठीच बनवलेलं सिलिकोन किंवा सिंथेटिक ग्रीस हवं. तेही पातळ थर. भोकात ठासून भरलं तर आत अडकलेली हवा पिनला बाहेर ढकलत राहते.

दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. उजवीच्या बाहेरच्या बाजूचा गंज खड्ड्यांपर्यंत गेला होता, आणि डाव्या-उजव्या चाकांच्या एका जोडीत एक डिस्क जुनी, एक नवी असं मी ठेवत नाही. जुन्या डिस्क हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटल्या होत्या. ब्रॅकेट काढून, रबरी हातोडीने फिरवत फिरवत ठोकल्यावर सुटल्या. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पुसून मगच बसवल्या.

मागचा पिस्टन दाबायचा नसतो, स्क्रू फिरवून आत घ्यायचा असतो

पुढच्या चाकाचा पिस्टन शिकंजाने दाबून आत जातो. या पिढीच्या मियाटाच्या मागच्या कॅलिपरला तसं केलं तर आतली हँडब्रेकची यंत्रणा बिघडते. कॅलिपरच्या पाठीला एक झाकणाचा बोल्ट असतो. तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी किल्ली) बसेल असा स्क्रू दिसतो. तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पिस्टन आत जातो.

पिस्टन आत गेला की तेल मागे टाकीत येतं. म्हणूनच पॅड झिजल्यामुळे खाली गेलेली तेलाची पातळी काम सुरू करण्याआधी भरायची नसते. भरली असती तर आता टाकीतून ओसंडून रंगावर आलं असतं, आणि ब्रेकचं तेल रंग खातं.

नवे पॅड बसवून, कॅलिपर जागेवर आणून, तोच स्क्रू घड्याळाच्या दिशेने पॅड डिस्कला घट्ट टेकेपर्यंत फिरवला आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घेतला. ही जुळवणी राहिली तर पिस्टन आणि पॅड यांच्यात फट राहते आणि हँडब्रेक पुन्हा आकाशाकडे जातो. कॅलिपर काढताना तो होजवर लटकू द्यायचा नाही, तारेने वर बांधून ठेवायचा, हे ओघात सांगून ठेवतो.

पॅड कोणते

यावर आमचा सर्वांत मोठा वाद झाला. मित्राला मागे रेसिंगचे पॅड हवे होते. गाडी स्पोर्ट्स आहे, मग ब्रेकही तसेच नकोत का?

स्पोर्ट्स कारच्या ब्रेकवर ताण असतो हे खरंच. १०० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी चालकासह थांबवायची म्हणजे साधारण साडेचारशे किलोज्यूल ऊर्जा काही सेकंदांत चार डिस्कमध्ये उष्णता म्हणून ओतायची. सव्वा लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी लागते तेवढी. शर्यतीत हे पुन्हा पुन्हा होतं आणि रेसिंगचे पॅड त्या उष्णतेसाठीच बनवलेले असतात. पण थंड असताना ते नीट पकडत नाहीत. सकाळी घरातून निघून पहिल्याच सिग्नलला थांबायचं असतं, तेव्हा डिस्क थंड असते.

दुसरी अडचण याहून गंभीर. पुढे साधे पॅड आणि मागे जास्त पकडीचे, असं केलं की मागची चाकं आधी अडकू शकतात. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून कारखान्यात पुढच्या ब्रेकला जास्त वाटा ठेवलेला असतो. पुढची चाकं आधी अडकली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी अडकली तर ती स्वतःभोवती फिरते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम २,२६५ मिलिमीटर, एबीएस नाही, आणि चालवणार कॉलेजातली मुलगी. मी साफ नाही म्हटलं.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या सांकेतिक ओळीत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पुढचे पॅड 'एफएफ' होते आणि भरपूर शिल्लक होते. मागेही 'एफएफ'च घेतले. ही अक्षरं पॅड किती टिकेल किंवा किती आवाज करेल हे सांगत नाहीत, पण पुढच्या-मागच्याची जोडी जुळवायला खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा फार उपयोगी पडतात.

चाक लावल्यानंतर

नट हाताने बसवून, चाक टेकल्यावर कर्णरेषेत टॉर्क रेंचने, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याने, आवळले. माझदाची मर्यादा ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आहे, आम्ही मधला आकडा धरला. तेल काळपट झालं होतं म्हणून चारही चाकांतून डॉट-४ दर्जाचं नवं ब्रेकचं तेल भरून घेतलं. कोरड्या डॉट-४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. जुनं तेल बदलायला एवढं कारण पुरे.

इंजिन सुरू करण्याआधी मुलीला पेडल दाबायला सांगितलं. पहिल्यांदा ते थेट तळाला गेलं आणि ती दचकली. हे असंच होतं. पॅड आणि डिस्कमधली फट भरून येईपर्यंत पेडल पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. हे न करता गाडी उतारावरून मागे घेतली तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि घरासमोर उतार होताच.

मग मोकळ्या रस्त्यावर पॅड बसवणं: ताशी ९० किलोमीटरपासून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं दहाएक वेळा. शेवटी ब्रेक फारसा न लावता लांब फेरी मारून डिस्क थंड होऊ द्यायच्या. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो, पकड त्यानेच येते. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं तर तो थर एकाच जागी जास्त बसतो आणि पुढे पेडल थरथरायला लागतं.

परत आल्यावर थर्मामीटर लावला. दोन्ही मागच्या डिस्कमध्ये फरक दहा अंशांच्या आतला. आवाज नाही, हँडब्रेक थोडा ओढला की उतारावर गाडी जागची हलत नाही. काही दिवसांनी चाकांचे नट पुन्हा तपासले. पुढच्या वसंतात चाकं काढून मोजलं तेव्हा उजव्या मागच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता, आणि डिस्कची बाहेरची बाजू आतल्याइतकीच चकचकीत होती.

आता ऑक्टोबरात, रस्त्यांवर मीठ पडायला सुरुवात होण्याआधी, चारही पिना काढून पुसायच्या, बूट बोटांनी ताणून चीर बघायची आणि नवं ग्रीस लावायचं, असं मित्राच्या मुलीने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय. आतल्या पॅडचं माप घ्यायला तिने छोटा आरसा आणि बॅटरीही घेतली आहे.